गडावरून उतरलेला शिक्का

कोल्हापुराहून सुटलेली एस.टी. पंचगंगा ओलांडते, उसाच्या शेतांमधून वाट काढीत वाघबिळापाशी येते, रत्नागिरीचा महामार्ग तेथे सोडून गडाच्या चढाला लागते, आणि इंजिनाचा सूर बदलताच गाडीतल्या रोजच्या प्रवाशांचे बोलणे आपोआप मंदावते. या वाटेचा मान कसा राखावयाचा, हे येथील माणसाला शिकवावे लागत नाही. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत हाच रस्ता खचला होता आणि गडावर गाडी चढणे बंद पडले होते, ही आठवण अजून ताजी आहे. जेथे एके काळी चार दरवाजा उभा होता आणि जो १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी जमीनदोस्त केला, त्या मोकळ्या जागेतून गाडी आत शिरते, आणि प्रवासी एका अशा गावात उतरतो, की जे गावही आहे, गडही आहे, तालुक्याचे ठिकाणही आहे, आणि सर्वांत आधी एक उतरून गेलेली राजधानी आहे.

शिलाहार भोजाने बांधलेला, बहामनी आणि आदिलशाही अंमल पाहिलेला, सिद्दी जौहरचा वेढा सोसलेला आणि १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने मूठभर माणसांनिशी पुन्हा स्वराज्यात आणलेला हा गड अठराव्या शतकाच्या आरंभी महाराणी ताराबाईंच्या कारभाराचे केंद्र झाला. करवीरच्या गादीचा मुक्काम येथे सुमारे सात दशके होता, आणि १७८२ मध्ये राजधानी येथून खाली कोल्हापुरास गेली. अंबारखान्याच्या गंगा, यमुना आणि सरस्वती या तीन कोठ्यांपुढे उभे राहिले असता भिंतींची जाडी आणि आतला गारवा पाहून मनात येते, की धान्य साठविण्याची ही शक्ती तर जागच्या जागी राहिली; गेला तो केवळ एक शिक्का. पण शिक्क्यामागून फडणिसी गेली, फडणिसीमागून कारकून गेले, कारकुनांमागून अर्जदार गेले, आणि अर्जदार ज्यांच्या दुकानी थांबत ते वाणी-उदमीही हळूहळू उतरून गेले असतील. सत्तेची जागा बदलणे म्हणजे काय, हे ज्या गावाने भोगले आहे, त्या गावात बसून मी या लेखातल्या प्रश्नाचा विचार करावयाचे ठरविले होते.

प्रश्न असा. प्रवासी आणि मालवाहतूक सुरक्षित राहावी म्हणून सरकार जी खाती निर्माण करते, म्हणजे रेल्वेमार्ग तपासणारे, जहाजांची पाहणी करणारे, मोटारींना पसंतीचा दाखला देणारे आणि अपघात झाल्यावर त्याचे कारण शोधणारे जे अधिकारी असतात, त्यांची कचेरी राजधानीत मंत्रालयाच्या सावलीत असावी, की जेथे गाड्या धावतात, जहाजे लागतात आणि माणसे मरतात, तेथे असावी? गेल्या शंभर वर्षांत महाराष्ट्राच्या भूमीवर या प्रश्नाची उत्तरे अनेक प्रकारे दिली गेली आहेत, आणि तरीही तो प्रश्न आज कोल्हापूरकरांच्या दारात पुन्हा उभा आहे.

गडावर रामचंद्रपंत अमात्यांची समाधी आहे. हुकुमतपन्हा ही पदवी ज्यांना शोभली आणि ज्यांच्या नावाशी ‘आज्ञापत्र’ हा राजनीतीचा ग्रंथ जोडला गेला, त्या या पुरुषाने दुर्गांविषयी आणि आरमाराविषयी स्वतंत्र प्रकरणे रचिली, यात मला मोठा अर्थ दिसतो. कारण गड आणि गलबत या दोन्ही गोष्टी अशा आहेत, की एका माणसाच्या निष्काळजीपणाने शेकडो जीव जातात. शिवकालीन गडाची व्यवस्था पाहिली तर हवालदाराकडे कुलपे-किल्ल्या, सरनोबताकडे शिबंदी आणि पहारा, सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब, कारखानिसाकडे कोठ्यांचा जिन्नस, अशी कामाची वाटणी होती. एकाच्या हातचे काम दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्यावाचून पुरे होत नसे. जो दरवाजा उघडतो त्याच्याच हाती दरवाज्याची पाहणी सोपवू नये, हे तत्त्व या गडाने युरोपातल्या कोणत्याही समितीच्या अहवालाआधी ओळखले होते. पुढे जे सांगावयाचे आहे ते सारे या एका तत्त्वाचाच विस्तार आहे.

*

पुण्याच्या शिवाजीनगरात ‘सिमला ऑफिस’ नावाचा चौक आहे. तेथे उतरणाऱ्या शेकडो लोकांना पुण्याच्या उन्हात सिमला कोठून आला असा प्रश्न पडत असेल, आणि त्याचे उत्तर त्या चौकातल्या मनोऱ्याच्या दगडी इमारतीत आहे. हिंदुस्थान सरकारचे हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले ते कलकत्त्यास. १८६४ च्या भीषण चक्रीवादळाने कलकत्ता बंदराची जी दशा केली, आणि पुढे पर्जन्य हुकल्याने जे दुष्काळ पडले, त्यांतून या खात्याची गरज पटली होती. अर्थात पाण्यावरच्या वाहतुकीची सुरक्षितता ही या खात्याच्या जन्माचीच एक प्रेरणा होती. खात्याचे मुख्यालय १९०५ मध्ये सिमल्यास गेले, १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले, आणि महायुद्धाच्या धामधुमीत १९४४ साली पुण्याहून दिल्लीस गेले. पुण्याकडे हवामानशास्त्राची महत्त्वाची कामे पुढेही राहिली, आणि तेथे झालेल्या शास्त्रीय कार्याविषयी आदर बाळगावा तितका थोडाच आहे. तरीही सर्वोच्च अधिकाऱ्याची सही जेथून निघते ते स्थान सोळा वर्षांनी हलले, आणि गावाच्या वाट्याला एका चौकाचे नाव उरले. पन्हाळ्याहून आलेल्या माणसास ही कथा ओळखीची वाटल्यावाचून राहत नाही.

स्थलांतराची दुसरी एक हकीकत याहून समाधानकारक आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध अनेक दशके घेतले जात होते. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, त्या विजेच्या प्रवाहाने नाजूक उपकरणांचे वेध बिघडतील हे शास्त्रज्ञांनी वेळीच जाणले, आणि १९०४ मध्ये समुद्रापलीकडे अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. ती आजही तेथेच आहे. तिला कोणी परत बोलावले नाही, कारण ती कोणाच्या मर्जीखातर गेली नव्हती. तिच्या कामानेच तिची जागा ठरविली होती. कचेरी टिकावयाची असेल तर तिच्या जागेचे कारण तिच्या कामात असावे लागते, हे अलिबागकडून शिकण्यासारखे आहे.

*

१७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट खवळलेल्या समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. आषाढी अमावास्येचा सण गावी करावा म्हणून निघालेले चाकरमानी तीत होते. कोकणातल्या कित्येक घरांत त्या दिवसाची आठवण आजही हलक्या आवाजात निघते. स्वातंत्र्याला तेव्हा एक महिनाही उरला नव्हता. पुढे सप्टेंबर १९४९ मध्ये स्वतंत्र भारताने नौवहन महासंचालनालय स्थापन केले, आणि ते दिल्लीत न ठेवता मुंबईत ठेवले. जहाज समुद्रात जाण्यास योग्य आहे की नाही हे पाहणे, खलाशांना आणि अधिकाऱ्यांना लायकीचे दाखले देणे, दुर्घटनांची चौकशी करणे, ही कामे ज्या खात्याने करावयाची, त्या खात्याच्या खिडकीतून निदान भरती-ओहोटी तरी दिसावी, ही अपेक्षा वाजवी होती. कायदे करणारे मंत्रालय दिल्लीस राहिले, पण जहाजांवर अंमल चालविणारा महासंचालक बंदराच्या गावी बसला, आणि १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याने त्याच्या पदाला कायद्याचा पाया दिला. पाऊणशे वर्षांहून अधिक काळ ही व्यवस्था चालत आली आहे.

मोटारींच्या बाबतीतही असेच घडले आहे, मात्र लोकांच्या ते फारसे ध्यानात नाही. आपल्या दारात उभी असलेली कोणतीही मोटार बाजारात येण्यापूर्वी तिचा नमुना केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ व्या नियमाखाली एखाद्या मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. त्या मान्य संस्थांच्या यादीत पुण्याच्या वेताळ टेकडीवरची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आहे, जी १९६६ पासून काम करते. भोसरीची मध्यवर्ती मार्ग परिवहन संस्था आहे, जी १९६७ ची. आणि नगरची संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे, जिचे मूळ फाळणीपूर्वी रावळपिंडीजवळच्या चकलाला येथे होते आणि जी फाळणीनंतर नगरास आली. देशभरच्या रस्त्यांवर धावणाऱ्या गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि धूर तपासणारे इतके हात राजधानीपासून हजाराहून अधिक किलोमीटरवर असावेत, यात कोणाला गैर वाटले नाही. कारण गाड्यांचे कारखाने येथे, यंत्रज्ञ येथे, चाचणीचे मार्गही येथे.

*

आता रेल्वेकडे वळतो, कारण या विषयातला सर्वांत खोल धडा रेल्वेच्या इतिहासात आहे. रेल्वेमार्गांची पाहणी करणारे सरकारी निरीक्षक फार जुन्या काळापासून होते. पण १९०५ मध्ये रेल्वे बोर्ड निर्माण झाले आणि हे निरीक्षक त्याच्या हाताखाली गेले. म्हणजे जो गाड्या चालवितो त्याच्याच पंक्तीला तपासनीस बसला. १७ जुलै १९३७ रोजी पाटण्याजवळ बिहटा येथे एक्स्प्रेस गाडी रुळांवरून घसरून शंभराहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढे पॅसिफिक जातीच्या एंजिनांची चौकशी करण्यासाठी ब्रिटनचे मुख्य रेल्वे निरीक्षक लेफ्टनंट कर्नल माउंट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि या समितीने एंजिनांबरोबरच निरीक्षकांच्या पारतंत्र्याकडेही बोट दाखविले. मे १९४१ मध्ये रेल्वे निरीक्षकांचे खाते रेल्वे बोर्डापासून तोडून टपाल आणि हवाई खात्याकडे देण्यात आले. १९६१ मध्ये त्याला रेल्वे सुरक्षा आयोग हे नाव मिळाले, आणि १९६७ पासून तो आयोग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या कक्षेत आहे. त्याच्या मुख्य आयुक्तांची कचेरी लखनौस आहे.

रेल्वेचा तपासनीस विमानांच्या मंत्रालयाखाली आणि तोही लखनौस, हे प्रथम ऐकणाऱ्यास विचित्र वाटते. पण त्यामागची तजवीज समजली म्हणजे तिच्याविषयी आदर वाटू लागतो. नवा लोहमार्ग प्रवाशांसाठी खुला करावयाचा तर आयुक्तांच्या परवानगीवाचून तो खुला होत नाही. कोल्हापूर-मिरज मार्ग, जो करवीर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने बांधून १८९१ मध्ये सुरू केला, त्यावर आज नवे काही बांधावयाचे झाले तरी ही परवानगी लागते. मोठा अपघात झाला म्हणजे चौकशी हेच आयुक्त करतात, आणि ज्याची चौकशी चालते त्या रेल्वे मंत्रालयाच्या हाती त्यांची बढती-बदली नसते. आयोगाकडे मनुष्यबळ तोकडे आहे आणि त्याच्या शिफारशींची अंमलबजावणी रेल्वेच्याच हाती आहे, ही त्याची उणीव खरी. पण अंतर मैलांत मोजावयाचे नसते, ते ताबेदारीत मोजावयाचे असते, हे या व्यवस्थेने दाखविले. मंत्र्याच्या दालनापासून हजार मैल दूर असलेली कचेरी मंत्र्याच्या शब्दावर चालत असेल तर ती राजधानीतच आहे. आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीतली कचेरी कायद्याने स्वतंत्र असेल तर ती पुरेशी दूर आहे.

जगाने हा विचार दोन दशकांपूर्वी मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. नॉर्वेच्या सरकारने २००३ मध्ये अनेक देखरेख करणारी खाती ऑस्लोबाहेर हलविण्याचे ठरविले. त्यांत विमान वाहतुकीचे सुरक्षा खाते उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या बुडे या शहरी गेले आणि सागरी संचालनालय पश्चिम किनाऱ्यावरच्या हाउगेसुंड या बंदराच्या गावी गेले. मंत्रालयांच्या दैनंदिन दडपणातून तपासनीस मोकळा व्हावा, आणि राजधानीबाहेरच्या प्रदेशांना शासनात वाटा मिळावा, असे दोन हेतू त्यामागे होते. त्याच वर्षी डिसेंबरात युरोपीय संघाने आपल्या नव्या संस्थांच्या जागा ठरविल्या: विमान सुरक्षेची संस्था कोलोनला, सागरी सुरक्षेची लिस्बनला, रेल्वेची फ्रान्समधल्या लील-व्हॅलेन्सिएनला. ब्रसेल्सला कोणीच राहिले नाही. या स्थलांतरांची किंमतही द्यावी लागली. नॉर्वेत हलविलेल्या खात्यांतील बहुसंख्य अनुभवी माणसांनी संसार उचलून नव्या गावी जाण्याऐवजी नोकरी सोडणे पत्करले, आणि ज्या ज्ञानाची कोठेही नोंद नसते, जे केवळ वीस वर्षे एका खुर्चीत बसलेल्या माणसाच्या अंगी मुरते, ते काही काळ हरवले. नव्या गावी नवी माणसे शिकून तयार होण्यास वर्षे लागली. ज्यांना कचेऱ्या हलवावयाच्या आहेत त्यांनी हा खर्च आधीच जमेस धरावा. दप्तराच्या पेट्या एका रात्रीत हलतात, पण जाणकारी इतक्या सहजी हलत नाही.

*

राहिला रस्ता, आणि आपल्या देशात खरा संहार रस्त्यावरच होतो. सन २०२२ मध्ये भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. रेल्वेला आयोग आहे, जहाजांना महासंचालक आहे, विमानांच्या अपघातांसाठी स्वतंत्र अन्वेषण खाते आहे. रस्त्यावरच्या मृत्यूचा मात्र पंचनामा होतो, गुन्हा नोंदला जातो, चूक कोणाची ते ठरविले जाते, आणि तेच वळण, तोच कठडा, तोच खड्डा पुढच्या गाडीची वाट पाहत राहतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय रस्ता सुरक्षा मंडळाची तरतूद केली, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. त्या नियमांनी मंडळाचे मुख्यालय राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात ठेवले, इतरत्र कचेऱ्या उघडण्याची मुभा दिली, आणि मंडळाचे काम मुख्यतः केंद्र आणि राज्य सरकारांना सल्ला देण्याचे राहिले. सल्ला देणारे मंडळ राजधानीत असले काय किंवा पन्हाळ्यावर असले काय, आज्ञा करण्याचा अधिकार जोवर त्याच्याजवळ नाही, तोवर फरक पत्त्यापुरताच पडणार.

या विधानाचा पुरावा पन्हाळ्याच्या वाटेवरच आहे. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून देवदर्शन आटोपून येणारी एक मिनी बस कोल्हापूरच्या वेशीवर, पंचगंगेवरच्या जुन्या शिवाजी पुलाचा दगडी कठडा तोडून नदीत कोसळली, आणि तिच्यातली १३ माणसे गेली. त्यांत लेकरेही होती. शेजारीच नव्या पुलाचे काम सुरू होऊन अर्धवट पडले होते. नदीकाठची ब्रह्मपुरी टेकडी हे संरक्षित प्राचीन स्थळ. प्राचीन स्मारकांच्या कायद्यान्वये त्याच्या शंभर मीटरांच्या आत बांधकामास बंदी. आणि त्या बंदीतून सार्वजनिक कामास सूट द्यावयाची तर कायदा दिल्लीत दुरुस्त व्हावयास हवा. त्या दुरुस्तीचे विधेयक जानेवारीच्या आरंभी लोकसभेत मंजूर झाले होते, राज्यसभेत व्हावयाचे होते. ब्रह्मपुरीचे रक्षण करणारा कायदा चांगल्या हेतूनेच झाला होता, आणि सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष ज्या टेकडीत सापडले तिचा अभिमान मलाही आहे. पण स्मारक आणि माणूस या दोहोंकडे एकाच वेळी पाहून, याच घाटावर उभे राहून, आठ दिवसांत निर्णय देऊ शकेल असा एकही अधिकारी कोल्हापुरात नव्हता. पुलाचा आराखडा कोल्हापुरात होता, कंत्राटदार कोल्हापुरात होता, वाहतूक कोल्हापुरातली होती. केवळ अखेरची सही तेथे नव्हती. ते १३ जीव वाचलेच असते असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो, की त्या रात्री नवा पूल उघडा असता, तर त्या बसचा चालक त्या अरुंद जुन्या पुलावर आलाच नसता.

*

कोल्हापूरकरांना सही दूर असण्याचा अर्थ याआधीही ठाऊक होता. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ येथे असावे म्हणून येथल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ आंदोलन केले, आणि १७ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते सर्किट बेंचचे उद्घाटन झाले. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांचे काम तेथे चालते. अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे अपिलात उच्च न्यायालयाकडेच जातात. कमावता माणूस रस्त्यावर गमावलेल्या चंदगडच्या किंवा आजऱ्याच्या घरातल्या बाईला तारखेसाठी मुंबईपर्यंत चारशेहून अधिक किलोमीटर जावे लागत होते. ती वाट आता आटोपती झाली. या बेंचला मोल आहे ते कोल्हापुरात इमारत मिळाली म्हणून नव्हे. न्यायमूर्ती आले ते आपला अधिकार बरोबर घेऊन आले; येथे दिलेला निकाल मुंबईत मंजुरीसाठी पाठवावा लागत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की रस्ता सुरक्षा मंडळाच्या नियमांतली इतरत्र कचेऱ्या उघडण्याची जी मुभा आहे तिचा उपयोग करून, सह्याद्रीच्या घाटरस्त्यांसाठी एक शाखा कोल्हापुरास आणावी. परंतु ती आणताना कायद्यात तिला तीन अधिकार द्यावेत. प्रत्येक गंभीर अपघाताची चौकशी, गुन्हेगार शोधण्यासाठी नव्हे तर कारण शोधण्यासाठी, तिने स्वतः करावी. त्या चौकशीचा अहवाल मराठीत, ठरलेल्या मुदतीत, सर्वांस वाचावयास मिळेल असा प्रसिद्ध करावा. आणि धोक्याच्या जागी वाहतूक थांबविण्याची किंवा वळविण्याची आज्ञा तिला रस्ता बांधणाऱ्या खात्याच्या संमतीवाचून देता यावी. आंबा घाट, फोंडा घाट, गगनबावडा, आंबोली हे तिचे रोजचे कार्यक्षेत्र असेल. पावसाळ्यात कोणत्या वळणावर माती सुटते हे तिच्या अभियंत्याला नकाशावरून नव्हे, पायांखालून कळेल. आणि हे तीन अधिकार द्यावयाचे नसतील, तर केवळ फलक लावण्यासाठी कचेरी आणू नये, असे मी स्वतः कोल्हापूरचा अभिमानी असूनही स्पष्ट म्हणेन; कारण त्या फलकाखाली पुढे एखाद्या चौकाचे नावच तेवढे उरेल.

जुलै २०२५ मध्ये पन्हाळ्याची नोंद युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्ये झाली, आणि गडावर येणाऱ्यांची वर्दळ आणखी वाढणार हे उघड आहे. संध्याकाळी मी सज्जा कोठीच्या माडीवर बराच वेळ बसलो होतो. खाली खोऱ्यात अंधार पसरत गेला तशी वाटेवरच्या गाड्यांचे दिवे एकामागून एक दिसू लागले. गडाची जागा निवडणाऱ्याने ती येणारा-जाणारा दिसावा म्हणूनच निवडली होती. पण नुसते दिसून भागत नसे, म्हणून दिसताच दरवाजा लावण्याचा हुकूमही येथल्याच हवालदाराच्या हाती होता, त्यासाठी राजगडाकडे किंवा रायगडाकडे जासूद धाडावा लागत नव्हता.

शेवटच्या एस.टी.ने खाली उतरलो. पंचगंगेपाशी गाडी नव्या पुलावरून सरळ निघाली. शेजारी जुना पूल अंधारात उभा होता, त्याच्या कमानींखालून पाणी आवाज न करता वाहत होते. पुढच्या बाकावर एक आजी नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पूल लागताच त्यांनी नदीकडे तोंड करून हात जोडले, मुलीचेही हात जोडून दिले, आणि गाडी पलीकडे पोहोचेपर्यंत ते तसेच धरून ठेवले.